संध्याकाळच्या गोळ्या

रायगोंडा आण्णांनी संमतीपत्रावर सही करायला चार दिवस घेतले. आमच्या रुग्णालयात हा विक्रम आहे आणि तो अजून कुणी मोडलेला नाही. बाकीचे पेशंट "म्याडम, तुमी म्हणतासा म्हंजे बरोबरच असंल" असं म्हणून शेवटच्या पानावर सही ठोकून मोकळे होतात, आणि मग मलाच त्यांना हाताला धरून पहिल्या पानावर परत आणावं लागतं. आण्णांनी मात्र मला तो सतरा पानी कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत दोनदा वाचायला लावला. दुसऱ्यांदा वाचताना मी एक ओळ गाळली, तर बोट ठेवून म्हणाले, "हितं कायतरी हुतं की."

मी तेव्हा कोल्हापुरातल्या एका कॅन्सर रुग्णालयात नव्या औषधांच्या चाचण्यांचं काम बघायची. म्हणजे पेशंटला कागद वाचून दाखवायचा, तारखा सांभाळायच्या, उरलेल्या गोळ्या मोजायच्या आणि नियमावरून सगळ्यांचं डोकं खायचं. शेवटचं काम मला विशेष जमायचं. ती चाचणी तोंडाच्या आणि घशाच्या, बऱ्याच पुढे गेलेल्या कॅन्सरची होती. ज्यांचं ऑपरेशन झालंय, शेक, म्हणजे रेडिएशन, देऊन झालाय आणि तरीही गाठ परत आलीय, अशा लोकांसाठी. निम्म्यांना नेहमीचं प्रस्थापित इंजेक्शन मिळणार होतं आणि निम्म्यांना दोन नव्या गोळ्यांची जोडी, एक सकाळची आणि एक संध्याकाळची. या गोळ्या कॅन्सरच्या पेशीची वाढ जिथून होते नेमकी तीच वाट अडवतात. पण ही पेशी मोठी बिलंदर. एक वाट अडवली की दुसरी शोधते. म्हणून दोन्ही वाटा एकदम अडवून बघायच्या होत्या. त्यानं गुण येईल की नाही हे जगात कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि चाचणी त्याचसाठी होती.

आण्णा हातकणंगले तालुक्यातले. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत उभा जन्म त्यांनी भट्टीवर लोखंड वितळवण्यात घालवला होता. भट्टीसमोर उभं राहायचं तर गालात तंबाखू हवीच, असा तिथला रिवाज. कुणी तंबाखूला शिव्या घातल्या की ते तिची बाजू घ्यायचे. म्हणायचे, "तिनं माजं वाटोळं केलं न्हाय. मीच तिचं केलं. किती पोती संपीवली म्हाईत हाय का?" गालाचं ऑपरेशन झालं, शेक झाला आणि वर्षभरात जबड्याखाली पुन्हा गाठ आली. तोंड उघडायचं जेमतेम एक बोट. निरोगी माणसाची तीन बोटं उभी मावतात. पण त्या एका बोटाच्या फटीतून आण्णा दहा माणसांचं बोलायचे.

त्या चार दिवसांत त्यांनी विचारलेले प्रश्न मी कुठल्याही परीक्षेत ऐकले नव्हते. हे औषध माझ्याआधी कुणाला दिलं? आधी उंदरांना, मी सांगितलं. उंदरांचं काय झालं? गाठी लहान झाल्या. यावर थोडा विचार करून त्यांनी विचारलं, "उंदीर तंबाखू खाईत न्हवता न्हवं?" मी हसले. ते हसले नाहीत, त्यांना खरंच उत्तर हवं होतं.

मग त्यांनी मला पाचर समजावून सांगितली. फाउंड्रीत वितळलेलं लोखंड साच्यात ओतायच्या आधी त्यातलं पळीभर एका छोट्या पाचरीच्या आकारात ओततात. ती गार करतात, हातोड्यानं मोडतात आणि आतला कण बघतात. पांढरा किती, करडा किती, यावरून भट्टीतला माल कसा आहे ते कळतं. ते बघणारा माणूस आण्णा. "पाचर मोडल्याबिगर लोखंड कळत न्हाय," ते म्हणाले. "ह्यात मी म्हंजे पाचर. बरोबर का, आक्का?"

त्यांच्या घरात पाळण्यातल्या मुलीलाही आक्का म्हणतात, त्यामुळे त्यांच्या मुलीच्या वयाची मी पहिल्या दिवसापासून आक्का झाले. मी म्हटलं, तसं नाही, आम्ही तुम्हाला मोडणार नाही. ते म्हणाले, "मोडा की. पर मोडल्यावर नीट बगा." आणि सतराही पानांवर पूर्ण नाव, गाव, तालुका लिहून त्यांनी सही केली.

सुरुवातीचे दोन महिने त्यांना दर सोमवारी यायचं होतं. सोमवार म्हणजे शंकराचा वार. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, पांढरी टोपी, गळ्यात टॉवेल आणि हातात स्टीलचा डबा असे ते पहिल्या बसनं हजर व्हायचे. ओपीडीबाहेरच्या लांब बाकाचा ताबा घ्यायचे. नवा पेशंट आला की "या पावणं, बसा" म्हणून सरकून जागा द्यायचे, गाव विचारायचे, गावावरून भावकी काढायचे आणि कुठल्या खिडकीत कोणता कागद द्यायचा ते सांगायचे. आमच्या चौकशी खिडकीवरची बाई त्या दोन महिन्यांत निवांत बसून होती. मी एखादी गोष्ट वाजवीपेक्षा जास्त समजावायला लागले की हात वर करून "साकु, आक्का, साकु" म्हणायचे. साकु म्हणजे कानडीत पुरे.

आम्ही प्रत्येक पेशंटला एक वही देतो. सकाळची गोळी घेतली की एका रकान्यात खूण, संध्याकाळची घेतली की दुसऱ्यात, आणि खाली काही त्रास झाला तर तो लिहायचा. आण्णांची वही म्हणजे भट्टीचं रजिस्टर. 'तोंडावर पुरळ. ताप नाही. काम चालू.' 'जुलाब दोन वेळा. भट्टी बंद केली नाही.' ही वही वाचून आमचे सर, म्हणजे चाचणीचे मुख्य डॉक्टर, एकटेच हसत बसायचे.

पहिल्या स्कॅनच्या दिवशी मात्र भांडण झालं. आण्णा लिंगायत, गळ्यात चांदीच्या डबीत इष्टलिंग. तंत्रज्ञानं सांगितलं, मानेचा फोटो काढायचाय, धातू चालणार नाही, काढून ठेवा. आण्णा म्हणाले, हे अंगावरनं उतरत नाही. मेल्यावरसुद्धा नाही. तंत्रज्ञ म्हणाला, मग फोटो निघणार नाही. आण्णा म्हणाले, नाही तर नाही. बाहेर सहा माणसं खोळंबलेली. मला बोलावणं आलं. मी नियमांचं पुस्तक घेऊनच गेले, तर आण्णा टेबलावर मांडी घालून बसलेले. त्यांनी मला एकच विचारलं, फोटो कुठून कुठपर्यंत निघणार? मी हनुवटीपासून छातीपर्यंत हात फिरवून दाखवलं. त्यांनी दोरा गळ्यातून काढला तो सरळ उजव्या मनगटावर गुंडाळला, डबी मुठीत धरली, हात मांडीलगत ताठ ठेवला आणि आडवे झाले. फोटो उत्तम निघाला. त्या दिवसापासून आमच्याकडे त्यांच्या समाजाचा कुणीही आला की तंत्रज्ञ स्वतःच म्हणतो, मनगटाला बांधा.

याच बाकावर त्यांना संभाजी तात्या भेटले. तात्या पन्हाळ्याच्या बाजूचे. घरी चार म्हशी, आणि आजारी पडेपर्यंत रोज सकाळी शहरात, राजारामपुरीत दुधाचा रतीब. तात्या बोलायचेच नाहीत. सगळं बोलणं म्हशींशीच होऊन जात असावं. आजार तोच, गाठही जवळपास तिथेच. कोणाला इंजेक्शन आणि कोणाला गोळ्या हे आमच्या हातात नसतं, संगणक चिठ्ठी काढतो. आण्णांना गोळ्या निघाल्या होत्या, तात्यांना इंजेक्शन.

आण्णांना हे अजिबात पटलं नाही. एकाच बाकावरची दोन माणसं, एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरं, ही काय रीत झाली? मी समजावलं की आम्ही निवडायला लागलो तर जी माणसं आम्हाला आवडतात, जी जरा धडधाकट दिसतात, त्यांनाच नवं औषध देऊ, आणि मग औषध चांगलं की माणूस धट्टाकट्टा हे कधीच कळणार नाही. शिवाय इंजेक्शन म्हणजे काही पाणी नव्हे, आजवर त्यानंच लोक तगलेत. त्यांनी ऐकून घेतलं, मान डोलावली आणि साकु म्हणाले. मला वाटलं, पटलं.

त्यानंतर दर सोमवारी दोघं एका डब्यात जेवायचे. डब्यात आण्णांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, केलेली पातळ आंबील, आणि तात्यांकडून दूध. मला ते बघून इतकं बरं वाटायचं की मी एकदा त्यांचा फोटोही काढला. काही आठवड्यांनी तात्यांच्या नाकाभोवती आणि गालावर पुरळ उठलं. त्यांनी मला ते दाखवलं आणि मी त्यांना साबण बदलायला सांगितलं. आमच्या दोन्ही गोळ्यांमुळे नेमकं असंच पुरळ उठतं हे मी पन्नास वेळा वाचलं होतं. शेजारी बसलेल्या आण्णांच्या तोंडावर मी ते दर सोमवारी बघत होते. आणि तात्यांना सांगितलं, साबण बदला. हे आठवलं की मला आजही स्वतःची लाज वाटते.

दोन महिन्यांनी आण्णांचा स्कॅन आला. गाठ वाढली नव्हती, पण उतरलीही नव्हती. सरांना फार आशा होती. ते बराच वेळ दोन्ही फोटो शेजारी लावून बघत राहिले आणि म्हणाले, औषध थोपवतंय पण हटवत नाही. तसं मी लिहिलं आणि आमच्याकडून तसा अहवाल गेला.

त्यानंतरच्या आठवड्यात तात्यांच्या मुलानं त्यांना उचलूनच आणलं. चार दिवस जुलाब, डोळे खोल गेलेले, नाडी हाताला लागत नव्हती. शरीरातले क्षार इतके घसरले होते की सरांनी त्यांना अतिदक्षता विभागात हलवलं. इंजेक्शननं असं होत नाही. पाणी तपासलं, दूध तपासलं, हजार शंका काढल्या. कारण हाती लागेना, आणि माणूस उतरणीला लागलेला.

बुधवारी सकाळी, तात्यांची खबर कळून, आण्णा आले. त्यांचा वार नव्हता. बाकावरच्या कुणाला पावणं म्हटलं नाही, थेट माझ्या खोलीत येऊन दार लावलं. वही माझ्यापुढे ठेवली.

"आक्का, संध्याकाळच्या रकान्यातल्या खुणा बगा. त्या माज्या न्हाईत."

मी बघितलं. सकाळच्या खुणा पट्टीनं आखल्यासारख्या. संध्याकाळच्या वाकड्या, दाबून काढलेल्या. दोन महिने ही वही मी दर सोमवारी तपासत होते.

"सकाळची गोळी मी खातोय. संध्याकाळची तात्या. सोमवारी हितंच आठवड्याच्या काढून देतोय त्याला, आणि मागल्या आठवड्याच्या खुणा तो हितंच करतोय. तो शेजारी बसणार आणि मी एकटा खाणार? आमच्यात समोरच्याला सोडून खाईत न्हाईत." मग म्हणाले, "खोटं लिवलं न्हाय मी. ज्यानं खाल्ली त्यानंच खूण केली."

मी त्या दिवशी त्यांच्यावर ओरडले. वडिलांच्या वयाच्या माणसावर मी इतक्या मोठ्यानं कधी ओरडले नव्हते. ते उभे राहून ऐकत होते. मी त्यांना तसंच सरांकडे नेलं. सर ऐकता ऐकताच उठले आणि आधी अतिदक्षता विभागाकडे धावले. कारण कळल्यावर उपचार अवघड नव्हता. गोळ्या तात्काळ बंद, जुलाब थांबवायचं औषध, क्षार भरून काढणारं सलाईन. तिसऱ्या दिवशी तात्या उठून बसले आणि म्हशींना कुणी पेंड घातली का ते त्यांनी विचारलं.

पण बुधवारचं राहिलंच. सर परत आले तेव्हा आण्णा दारातच उभे होते. औषध दुसऱ्याला दिलं तर चाचणीतून बाहेर, हे तिसऱ्या पानावर लिहिलेलं होतं आणि ते मला दोनदा वाचायला लावणारा माणूस हाच. हे सांगितलं तर आपल्या गोळ्या जाणार हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. इंजेक्शनचा गुण त्यांना येईलच असं नव्हतं. गोळ्या गेल्या की पुढे काय, हे मी त्यांना समजावून सांगायची गरज नव्हती.

"तात्या जगंल न्हवं?" त्यांनी विचारलं. सर म्हणाले, जगेल. "बरं. मग माज्या गोळ्या बंद?" सर म्हणाले, सध्या बंद. "बरं," आण्णा म्हणाले.

मग सरांनी त्यांना खुर्ची दिली आणि दुसरी गोष्ट सांगितली. सर कधी आवाज चढवत नाहीत, तेव्हाही चढवला नाही. "आण्णा, औषध अर्धवट काम करतंय असं आम्ही लिहून पाठवलं. औषध अर्धवट नव्हतं. तुम्ही अर्धं घेत होता."

मी आण्णांचा चेहरा बघत होते. माझं ओरडणं त्यांना लागलं नव्हतं, गोळ्या बंद झाल्याचंही एवढं लागलं नव्हतं. हे लागलं. याच माणसानं एकदा फाउंड्रीत माल ट्रकमध्ये भरून झाल्यावर आपलीच भट्टी खराब होती असं सांगून सगळा ट्रक उतरवायला लावला होता. कामगारांनी त्यांना महिनाभर शिव्या घातल्या होत्या. ही गोष्ट ते बाकावर मोठ्या मिजाशीनं सांगायचे. आता मान खाली घालून बसले आणि म्हणाले, "म्हंजे मी पाचरीतच खोट केली." त्या दिवशी बसपर्यंत मी त्यांना सोडायला गेले.

प्रकरण एथिक्स कमिटीकडे, म्हणजे रुग्णांचं हित बघणाऱ्या समितीकडे गेलं आणि औषध देणाऱ्या कंपनीकडेही. उत्तर यायला तीन आठवडे लागले. दुसऱ्या आठवड्यात आण्णांच्या जबड्याखालची सूज वाढायला लागली. मी घरी फोन केला की काकू सांगायच्या, काही खात नाहीत, नुसतं लिहीत बसतात. काय लिहितात ते त्या सांगेनात.

समितीच्या बैठकीच्या आदल्या दिवशी त्यांनी लिहिलेले दोन कागद तात्यांचा मुलगा घेऊन आला. मला वाटलं, विनवणीचं पत्र असेल. पहिल्या कागदावर तात्यांनी घेतलेल्या प्रत्येक गोळीची तारीख होती. एक संध्याकाळ तात्या गोळी घ्यायला विसरले होते, तीही नोंदवली होती. खाली साक्षीदार म्हणून तात्यांची सही. दुसऱ्या कागदावर लिहिलं होतं की माझे पहिले दोन महिने अर्ध्या औषधाचे धरावेत, संभाजीचा त्रास इंजेक्शनच्या नावावर लावू नये, आणि दोष माझा आहे, औषधाचा नाही, म्हणून औषधाला नापास करू नये. स्वतःसाठी त्यात एक अक्षर मागितलं नव्हतं. सरांनी ते पत्र समितीपुढे जसंच्या तसं वाचलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते लपवलं नाही.

निर्णय आला. आण्णांचे ते दोन महिने वेगळे दाखवायचे, तात्यांच्या कागदांवर खरं कारण लिहायचं, आणि आण्णांना पुढे पूर्ण गोळ्या चालू. अट एकच. संध्याकाळची गोळी रोज माझ्यासमोर. रोज कोल्हापूर गाठणं शक्य नव्हतं, म्हणून फोनवर व्हिडिओ लावायचा.

तेव्हापासून संध्याकाळी सातला मी जिथे असेन तिथे माझा फोन वाजायचा. पडद्यावर विभूतीचे पट्टे, मागे काकू, आणि पाण्याचा तांब्या. गोळी दाखवायचे, गिळायचे आणि गिळली हे पटावं म्हणून तोंड उघडून फोनजवळ आणायचे. पहिल्या आठवड्यात मला नुसते पुढचे दात दिसत. मी एकदा भाजी मंडईत होते, एकदा भाचीच्या बारशात. महिनाभरानं एका संध्याकाळी आण्णांनी तोंड उघडलं आणि मला त्यांची जीभ दिसली. मी त्यांना पुन्हा उघडायला सांगितलं. त्यांना वाटलं मी संशय घेतेय. "गिळली की, आक्का," ते चिडून म्हणाले. मी म्हटलं, गोळी नाही बघत, तुमची जीभ बघतेय.  पलीकडे काकूंनी फोन घेतला आणि त्या रडायला लागल्या. त्यानंतर महिन्याभरात दाढा दिसल्या, आणि मग तर घसाच. सातचा फोन म्हणजे माझ्या दिवसातला सणाचा वेळ झाला होता.

पूर्ण गोळ्यांचे दोन महिने झाले आणि स्कॅन आला. गाठ निम्म्यापेक्षाही लहान झाली होती. सर कधी खोलीतून बाहेर येऊन निकाल सांगत नाहीत. त्या दिवशी फोटो हातात घेऊन ते सरळ बाकापाशी गेले आणि सगळ्या लोकांसमोर म्हणाले, "आण्णा, औषध पास झालं."

आण्णांनी विचारलं, "तुमी नीट बगितलासा?" सर म्हणाले, तीनदा. मग त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली आणि एवढंच म्हणाले, "मग लिवा तसं. मागलं खोडा." कुणाच्या तरी नातेवाइकाकडे नातू झाल्याचे पेढे होते. आण्णांनी एक पेढा उचलला आणि न मोडता, अख्खाच्या अख्खा तोंडात घातला. सारा बाक बघत होता. त्या बाकावर अशी माणसं होती ज्यांच्या पोटात महिन्यांपासून नळीतूनच अन्न जात होतं, आणि त्यातल्या एका बाईनं आधी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. वॉर्डातली नर्स काय झालं बघायला धावत आली. मला त्या दिवशी माझ्या नोकरीचा जितका अभिमान वाटला तितका पुढे कधी वाटला नाही.

पुढच्या स्कॅनमध्ये गाठीच्या जागी नुसता डाग उरला. आण्णा पुन्हा फाउंड्रीत जायला लागले, भट्टीवर नाही, तर नव्या कामगारांना मोडलेली पाचर वाचायला शिकवायला. बाकावर यायचं मात्र चुकवलं नाही. नवा पेशंट चाचणीत यायचा म्हटलं की माझ्याआधी तेच त्याला सांगायचे, "गोळी वाटून खायाची न्हाय. मी खाल्ली हाय. दोगंबी मेलो असतो आणि औषधबी मेलं असतं." हे सतरा पानांत आम्ही इतकं चांगलं लिहिलेलं नव्हतं.

तात्यांना इंजेक्शननं बरेच महिने सांभाळलं. मग त्यांची गाठ पुन्हा डोकं वर काढू लागली. चाचणीच्या नियमात अशांसाठी सोय होती. इंजेक्शनचा गुण थांबला तर त्यांनाही त्या दोन गोळ्या देता येत. पण मधे जे घडलं होतं त्यामुळे तात्यांना परवानगी मिळेल की नाही हा प्रश्न होता. सरांनी पत्रामागून पत्र लिहिली आणि अखेर परवानगी आली, कमी मात्रेपासून आणि दर आठवड्याच्या रक्ततपासणीच्या अटीवर. त्याच महिन्यात माझी पुण्याला नवी नोकरी ठरली होती, आणि तात्यांना गोळ्या देणं हे माझ्या इथल्या शेवटच्या कामांपैकी एक होतं. तात्यांची गाठ उतरायला लागल्याचं मला पुण्यात फोनवर कळलं. पण मला आण्णा आठवतात ते तात्यांना गोळ्या सुरू केल्या त्या सोमवारचे.

त्यांचा त्या दिवशी नंबर नव्हता. तरी तात्यांबरोबर आले आणि माझ्या खोलीत कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले. मी तात्यांना कागद वाचून दाखवला. आण्णांनी तो मला दुसऱ्यांदा वाचायला लावला. मग तात्यांना म्हणाले, आता तू सांग काय कळलं ते. तात्यांनी गोळ्या कधी घ्यायच्या, जुलाब झाले तर कुणाला फोन करायचा, कुणाला गोळी द्यायची नाही, सगळं सांगितलं. मी त्यांच्या तोंडून सलग इतकी वाक्यं पहिल्यांदाच ऐकत होते.

पहिली गोळी माझ्यासमोर घ्यायची होती. मी पाकीट तात्यांच्या हातात दिलं. वरचा कागद चिवट, आणि धारा काढून काढून तात्यांची बोटं जाडजूड झालेली. दोन-तीनदा त्यांनी नख लावून बघितलं, जमेना. मग नेहमीच्या सवयीनं त्यांनी पाकीट शेजारी, आण्णांपुढे धरलं.

आण्णा खुर्चीतून उठले. दोन पावलं मागं सरकले आणि त्यांनी दोन्ही हात पाठीमागं नेऊन घट्ट धरले.

"माज्याकडं देऊ नगंस," ते म्हणाले. "ही तुजी हाय."

तात्यांनी एकदा त्यांच्याकडे बघितलं, पाकीट दातानं फाडलं, गोळी तळहातावर घेतली आणि पाण्याबरोबर गिळली. पाणी घशाखाली उतरेपर्यंत आण्णा भिंतीला टेकून तसेच उभे होते, हात पाठीमागं, आणि चेहरा हसून हसून दुखेल इतका फुललेला.